दुभाजकाच्या दोन बाजूंना दोन हातगाड्या

भिवंडीला कोणी फिरायला जात नाही. मीही फिरायला गेलो नव्हतो. पण सहा दिवस राहून परत आलो आणि आता घरी येणारा-जाणारा विचारतो, "काय होतं तिथं एवढं?" तेव्हा मला धड सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

तुम्ही भिवंडी पाहिली नसेल, तरी ती तुमच्या घरात आहे. पँटच्या खिशाचं आतलं अस्तर, उशीचा अभ्रा, शाळेच्या गणवेशाचा शर्ट, यातलं काही ना काही तिथल्या मागावरून उतरलेलं असतं. आणि फोनवर बोट टेकवल्यावर दोन दिवसांनी दारात येणारं खोकंही बहुधा तिथल्याच एखाद्या गोदामात रात्रभर राहून आलेलं असतं.

आधी माझ्याबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय या प्रवासाला अर्थ नाही. मी रहदारी मोजणारा माणूस आहे. रस्ता, पूल, दुभाजक असं काही बांधायचं असलं, की त्या जागेवरून दिवसभरात काय काय जातं ते आधी मोजतात. पूर्वी एका सल्लागार कंपनीत मी हे काम करत होतो. गेली बारा वर्षं पुण्यात एका कॉलेजात तेच शिकवतो. एकोणीस वर्षांपूर्वी भिवंडीतल्या एका नाक्यावर मी एक दिवस मोजणी केली. त्या रस्त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रस्त्याच्या एका बाजूला निजामपुऱ्याकडे जाणाऱ्या यंत्रमागांच्या गल्ल्या आहेत. दुसऱ्या बाजूला सायझिंगचे कारखाने, म्हणजे सुताला खळ लावून ते लोखंडी बीमवर गुंडाळून देणारे. गल्ल्या इतक्या अरुंद, की टेम्पो आत शिरत नाही. बीम जातो तो हातगाडीवरून, रस्ता ओलांडून. मागावरचा बीम संपला की माग थांबतो आणि नवा येईपर्यंत विणकर हात बांधून बसतो.

मी मोजणी केली तो शुक्रवार होता. त्या गल्ल्यांना शुक्रवारी सुट्टी असते. मोजायला माणसं पुरवणारा तिथला बाळाराम म्हात्रे सकाळी सातलाच मला म्हणाला होता, "सायेब, आज जुम्मा हाय. लूम बंद. आज काय मोजनार? उद्या धरा."

उद्या, म्हणजे शनिवारी, पुण्यात माझ्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. मी त्याच दिवशी मोजणी उरकली. हातगाडीच्या रकान्यात जवळजवळ काही आलं नाही. आणि अहवालात मी स्वतःच्या अक्षरात एक वाक्य लिहिलं : 'मोजणीचा दिवस सर्वसाधारण कामाचा होता.'

त्या वाक्याच्या आधाराने दुभाजक उभा राहिला. सलग. हातगाडीपुरतीही फट न ठेवता.

गेल्या महिन्यात केतकीचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता मोजणीच्या कामांची प्रमुख आहे. आवाजात नुसता आनंद. "सर, तुमचाच नाका आलाय माझ्याकडे! रस्ता रुंद होतोय. लोक दुभाजकावरून ओलांडतात म्हणे, म्हणून तो छातीएवढा उंच करून वर जाळी बसवायची आहे. तुमचा जुना तक्ता आधाराला घेतलाय. तुलना नीट व्हावी म्हणून वारही तोच धरलाय, शुक्रवार."

मी म्हणालो, "छान."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तोंड असं का झालं?" मी सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "मग आत्ताच फोन कर की तिला." मला ते जमेना. रजा टाकली आणि केतकीच्या शुक्रवारच्या दोन दिवस आधी निघालो.

बुधवार : गोदामांच्या गावात

कल्याणहून येणारी एसटी ज्या वेगाने भिवंडीत शिरते त्याच्यापुढे माणूस चालत जाऊ शकतो, आणि काही जण खरोखरच उतरून चालत होते. डोक्यावर मेट्रोचे खांब, खाली ट्रेलर, मध्ये रिक्षा, आणि या सगळ्यांतून तागे लादलेला तीनचाकी टेम्पो. कंडक्टर म्हणाला, "उतरा काका, मी नाक्यावर भेटतो तुम्हाला." सगळी बस हसली. मी उतरलो.

फोनवर ठरल्याप्रमाणे बाळाराम न्यायला आला होता. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक सायकल होती. आता पांढरी मोठी गाडी, गळ्यात जाड साखळी, आणि डोळे तेच. मी आदराने म्हणालो, "नमस्कार बाळारामशेठ."

"शेठ बिठ काय? तवा 'ए बाळाराम, खुर्ची आन' बोलायचास," तो म्हणाला आणि माझी बॅग ओढून घेतली. मला ते आठवत होतं. तो हसत होता, पण मला ते आठवत होतं.

गाडी अर्धा तास एका जागी उभी राहिल्यावर त्याने ती भावाच्या पंपावर लावली आणि आम्ही त्याच्या स्कूटरवर बसलो. पुढच्या खड्ड्यात माझा चष्मा उडाला. तो शोधायला मी खाली वाकलो, तर मागच्या ट्रेलरच्या ड्रायव्हरने एवढं अजस्र धूड थांबवलं, खाली उतरला आणि चष्मा स्वतःच्या सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिला. "सँभाल के, अंकल. यहाँ का खड्डा हमारे टायर से बडा है." मागचा एकही हॉर्न शांत नव्हता, पण त्याला घाई नव्हती. पुण्यात माझा चष्मा पडला असता, तर मी तो विसरून पुढे गेलो असतो.

बाळारामच्या भाताच्या शेतात आता गोदाम आहे. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक धुरकट दिसतं. आत चपलांपासून फ्रिजपर्यंत सगळं. दारापाशी ट्रेलर रांगेत उभे, त्यांच्या सावलीत स्टोव्ह पेटवून ड्रायव्हर वरण शिजवत होते. एक जण तीन दिवस आपल्या पाळीची वाट पाहत होता. त्याने आम्हाला बसायला खोका दिला, आणि मग लगेच परत घेतला, कारण त्यावर 'नाजूक' असं लिहिलेलं होतं.

"इथं चार बांध होते," बाळाराम बोट दाखवत म्हणाला. "त्या कोपऱ्याला आईचा वालाचा वाफा. आता तिथं लोकांचे मिक्सर असतात."

"वाईट वाटतं?"

"वाटतं कवा कवा. पन पोरीला डाक्तर केली याच्यावर. मंग काय बोलनार?"

रात्री बाळारामच्या घरी जेवणाला वहिनींनी तांदळाची भाकरी आणि चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, रस्सा केला होता. माझ्या घरात अंड्यापलीकडे कुणी गेलेलं नाही, मी गेलो असेन तोही बाहेर, क्वचितच. चिंबोरीची नांगी कशी फोडायची ते मला माहीत नव्हतं. मी दाताने जोर केला, ती निसटली आणि शिंतोडे थेट बाळारामच्या पांढऱ्या शर्टावर. वहिनी पदर तोंडावर धरून हसल्या. "राहू द्या भावजी," म्हणाल्या आणि स्वतः नांगी फोडून, आतलं गोडसर मांस काढून माझ्या ताटात ठेवत राहिल्या, लहान मुलाला भरवावं तसं. पुढचे सगळे दिवस त्यांनी मला एकही नांगी फोडू दिली नाही.

हात धुताना बाळारामने विचारलं, "शुक्रवारचं सांगायला आलास ना?"

"तुला कसं कळलं?"

"तवा मीच बोल्लो व्हतो ना. मी कसा इसरंन?"

गुरुवार : हात लगाओ

सकाळी आठला नाक्यावर पोचलो. मी मनाशी एक चित्र धरून गेलो होतो : दुभाजकापाशी अडलेल्या हातगाड्या, पुढच्या पुलाखालून वळसा घेत ट्रेलरच्या मधून ढकलत जाणारी माणसं. पहिली दोन वर्षं तसंच होतं, असं बाळाराम म्हणाला. वळशात एका गाडीचं चाक मोडलं, बीम रस्त्यावर घरंगळला, सूत मातीत गेलं आणि त्याची वाट पाहणारा माग दोन दिवस बंद पडला. मग लोकांनी आपली वाट काढली. ती वाट मी गुरुवारी पाहिली.

दुभाजकाच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे, पाच-सहा बाकडी. पलीकडे एक पिंपळ, आणि त्याला साखळीने बांधलेली एक रिकामी हातगाडी. मी चहा घेतला तेवढ्यात सायझिंगच्या बाजूने दुसरी हातगाडी आली. वर एक बीम. दोन्ही टोकांना लोखंडी तबकड्या आणि मध्ये हजारो पांढरे धागे, इतके घट्ट गुंडाळलेले की दगडच वाटावा. गाडी ढकलणारा पन्नाशीचा, बारीक, उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली उतरलेला. त्याने गाडी दुभाजकाला भिडवली आणि हाक दिली, "हात लगाओ!"

बाकड्यांवरचे सगळे उठले. रिक्षावाला, शाळेचा शिपाई, गोदामातले दोघे, इस्त्री केलेल्या शर्टातला बँकेचा माणूस, आणि बाळाराम. हातातले ग्लास त्यांनी दुभाजकाच्या कठड्यावर ओळीने ठेवले. तिघे दुभाजक ओलांडून पलीकडे गेले. एकाने साखळी सोडून रिकामी गाडी भिडवली. एका रिक्षाने आडवं उभं राहून मागची रहदारी धरली आणि कुणी फारसा हॉर्नही वाजवला नाही. "या अल्लाह" आणि "हरी हरी" एकदमच ऐकू आलं. बीम अलीकडच्या गाडीवरून उठला, हातांवरून दुभाजकापलीकडे गेला आणि तिकडच्या गाडीवर उतरला. खांदा उतरलेला माणूस कठड्यावरून उडी मारून गेला आणि ती गाडी ढकलत गल्लीत शिरला. सगळं मिळून, मी घड्याळ लावलं असतं तर, दोन मिनिटंही भरली नसती.

सगळे परत आले, आपापला ग्लास ओळखून उचलला. चहावाल्याचा नियम आहे : इथं बसलेल्याने हाक आली की उठायचं, आणि उठलेल्याला पुढचा चहा आधी. नव्याने आलेल्याला हे कुणी सांगत नाही. तो पाहतो आणि उठतो.

मी उठलो नव्हतो. सगळ्या बाकड्यांवर मी एकटा, हातात भरलेला ग्लास घेऊन.

थोड्या वेळाने दुसरा बीम आला. "हात लगाओ!" मी अर्धवट उठलो. माझ्या मनात आलं, या ओझ्याला हात लावायचा मला काय अधिकार? मग वाटलं, पाठ दुखते. मग मी खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहायला लागलो. खरं कारण यातलं कुठलं होतं ते मला आजही ठरवता आलेलं नाही. खांदा उतरलेला माणूस माझ्याजवळून जाताना थांबला, वहीकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "बाबूजी, चाय ठंडी हो रही है. पी लो आराम से."

त्याचं नाव इद्रीसभाई. त्याच्या दोन हातगाड्या, एक या बाजूला आणि एक त्या. त्याच्यासारखे आणखीही काही जण दिवसभर बीम वाहतात. दुभाजक व्हायच्या आधी एकच होती.

"आता जाली बसवनार तर हे कुटून जानार?" बाळाराम मला म्हणाला. "छातीएवढ्या भिंतीवरून बीम उचलायला हत्ती आनू? बीम मंग टेम्पोतून जाईल लांबून, गल्लीच्या तोंडाशी उतरंल, तिथं दुसरी गाडी. याचं काम गेलं. आनि माग थांबनार ते येगले."

इद्रीसभाईला जाळीची कुणकुण लागली होती. तो म्हणाला, "सुना है फिर गिनती होनेवाली है. अच्छा है, इस बार गिन लेंगे हम को." आणि गाडी घेऊन गेला.

शुक्रवार : सकाळ नाक्यावर, दुपार अकलोलीला

शुक्रवारी नाका ओळखू येत नव्हता. गल्लीतून मागांचा खडखडाट नाही. इतर दिवशी तो पावलांतून अंगात चढतो. त्या शांततेत चिमण्या ऐकू आल्या. इद्रीसभाईच्या दोन्ही हातगाड्या आपापल्या बाजूला साखळीत. टपरी उघडी होती, पण बाकडी रिकामी.

केतकी सातच्या आधीच आली होती. सहा माणसं, घडीच्या खुर्च्या, खांबावर कॅमेरा. मला पाहून ती धावतच आली. "सर! तुम्ही? मला सांगायचं तरी!" तिने चटकन माझ्या पायाला हात लावला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी म्हणालो, "केतकी, आधी चहा घेऊ."

ती हसली. "तुमचा नियम. मोजणीच्या आधी नाक्यावर चहा प्यायचा आणि चहावाल्याला विचारायचं, आजचा दिवस कसा आहे."

"तो नियम मी इथंच शिकलो," मी म्हणालो. "विचारावं लागलं नव्हतं, बाळारामने आपणहून सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

मग सगळं सांगितलं. जुम्मा, वास्तुशांत, ते वाक्य. बाळाराम शेजारच्या बाकड्यावर पाठ करून बसला होता. तो वळला नाही याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. केतकी चहाच्या ग्लासाकडे बघत होती.

"म्हणजे तुमचा तक्ता चुकीचा म्हणून मी दिवसही चुकीचाच धरला."

"हो."

"आणि मी फोन केला तेव्हा तुम्ही 'छान' म्हणालात."

"हो."

"सर, तेव्हा सांगितलं असतंत तर ही सहा माणसं मी आज आणलीच नसती. मला आता वर काय सांगायचं?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "तुम्ही वर्गात आम्हाला ठाण्याचे, नाशिकचे सगळे तक्ते दाखवायचात. भिवंडीचा कधी दाखवला नाहीत. मला वाटायचं, हरवला असेल."

मी ग्लास खाली ठेवला.

"लेखी द्याल?"

मोजणीच्याच एका कोऱ्या कागदाच्या पाठीवर, टपरीच्या फळीवर कागद धरून, मी लिहिलं : अमुक अहवालातला मोजणीचा दिवस सर्वसाधारण कामाचा नव्हता. त्या दिवशी यंत्रमागांना सुट्टी होती, हे मला मोजणीच्या आधी सांगण्यात आलं होतं. तो तक्ता तुलनेसाठी वापरू नये. खाली पूर्ण नाव आणि सही. त्या अहवालानंतर मला कंपनीत बढती मिळाली होती, तेही मला लिहायचं होतं, पण केतकी म्हणाली, "एवढं पुरे, सर." कॉलेजात याचं काय होईल ते मला अजून माहीत नाही. मी तिथेही त्याची प्रत दिली आहे.

केतकी रस्त्यापलीकडे जाऊन बराच वेळ फोनवर बोलली. परत आली ती म्हणाली, "सोमवार. शनिवार-रविवार ही माणसं मोकळी नाहीत. पण सर, एक अडचण आहे." तिने बाळारामकडून बीमचा सगळा प्रकार ऐकून घेतला होता. "हातगाडी रस्ता ओलांडतच नाही. ही इकडे राहते, ती तिकडे. उचलणारी माणसंही बरीचशी आपापल्या बाजूलाच राहतात. कॅमेऱ्याला वाटेल, घोळका जमला आणि पांगला. ओलांडून जातो तो फक्त बीम. त्याला वाहन म्हणायचं की पादचारी?"

बाळाराम पहिल्यांदाच वळला. "पाहुना म्हना."

केतकी हसली.

दुपारच्या नमाजानंतर बाळारामने गाडी काढली आणि इद्रीसभाईला त्याच्या घरून उचललं. हिवाळ्यात दोन-तीनदा तो त्याला अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर नेतो, खांद्यासाठी. मला म्हणाला, "तू बी चल. तुझा तं सगलाच आखडलाय."

भिवंडी मागे पडली की वीस मिनिटांत गोदामं संपतात आणि वालाची हिरवी शेतं लागतात. गणेशपुरीला जाणारी एसटी आमच्यापुढे रमतगमत चालली होती, मागच्या काचेतून आश्रमात निघालेल्या परदेशी पाहुण्यांची भगवी उपरणी दिसत होती. अकलोलीला नदीकाठी कुंडं आहेत. पाण्याला गंधकाचा वास, आणि पहिल्यांदा पाय घातला की तोंडातून आवाज निघतोच. तिघेही पन्नाशीचे, तिघांचीही पोटं वेगवेगळ्या आकाराची, आम्ही मानेपर्यंत पाण्यात बसलो. शेजारी एक आजोबा आम्हाला कुंडाचे गुण सांगत होते. संधिवात, खरूज, वाईट स्वप्नं, सगळ्यावर उपाय.

आजोबा उठून गेल्यावर मी इद्रीसभाईला सांगितलं. हिंदी माझी कच्ची. पण त्याला समजलं. त्याने तोंडावरचं पाणी पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तो वो आप हो," तो म्हणाला.

"हां."

"उन्नीस साल से मैं सोचता था, कोई तो होगा जिस ने ये दीवार डाली. मैं समझा कोई मोटा आदमी होगा, बडी गाडीवाला." त्याने बाळारामकडे पाहिलं. "ऐसा, इस के जैसा."

"माज्यावर कशाला येतोस रं?" बाळाराम म्हणाला.

"आप तो दुबले निकले." तो हसला, पण पुरता नाही. पाण्यातून उजवा हात काढून त्याने खांदा चाचपला. "रोज गालियाँ दी हैं आप को, मालूम है? बीम उठाते वक्त. अच्छी अच्छी."

मी म्हणालो, "माफ करा."

"मैं क्या माफ करूँ? इस से पूछो," तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आणि डोळे मिटून पाण्यात खाली सरकला. मग डोळे न उघडताच म्हणाला, "सोमवार को गिनती है ना? आना. और वो कॉपी जेब में रखना."

परतताना वाटेत आम्ही उकडलेल्या शेंगा घेतल्या. गाडीत इद्रीसभाई सोललेले दाणे अर्धे स्वतःच्या तोंडात आणि अर्धे माझ्या तळहातावर टाकत होता.

सोमवार : हातावरून

शनिवार-रविवार वहिनींच्या हातचं खाण्यात आणि बाळारामच्या आईच्या वालाच्या गोष्टी ऐकण्यात गेले. रविवारी मी भिवंडी रोड स्टेशन पाहून आलो. गावापासून इतकं बाजूला, आणि प्रवासी गाड्या इतक्या मोजक्या, की फलाटावर एक कुटुंब डबा उघडून निवांत जेवत होतं. एवढ्या धंद्याच्या गावाला रेल्वे अशी दुरूनच भेटते. सगळा भार त्या रस्त्यांवर, आणि रस्त्यांचा माणसांवर.

सोमवारी सहालाच मागांचा खडखडाट पावलांतून चढू लागला. केतकीने कागद वाटले. दुचाकी, रिक्षा, टेम्पो, ट्रक, ट्रेलर, हातगाडी, पादचारी, सगळे रकाने छापलेले. शेवटी पट्टी धरून तिने पेन्सिलीने एक नवा रकाना आखला, आणि वर काय लिहावं यासाठी माझ्याकडे पाहिलं. तिने स्वतःच लिहिलं : 'हातावरून'. तो रकाना तिने मला दिला. खुर्ची टपरीसमोरच, दुभाजकाला लागून. "सर, तुमची जागा," ती म्हणाली. तिचा राग गेला होता असं नाही. पण तिने खुर्चीवरची धूळ आपल्या ओढणीने झटकली.

पहिला बीम सव्वासातला आला. मी रेघ ओढली. दुसरा, तिसरा. पाचवी रेघ आडवी. दहाच्या सुमाराला एक पान भरत आलं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या शुक्रवारी मी जे शून्याच्या जवळ लिहिलं होतं ते असं एकेक करून माझ्यासमोर येत होतं, दोन टोकांना तबकड्या आणि मध्ये पांढरं सूत.

ती जाळी बसेल की तिथं हातगाडीपुरती वाट ठेवतील, ते अजून ठरायचं आहे. केतकीने फट ठेवावी असं लिहिलं आहे. वरचे लोक काय करतील ते तीही सांगू शकत नाही. मी आता दर आठवड्याला तिला फोन करतो आणि 'छान' हा शब्द टाळतो.

दहानंतर पुन्हा इद्रीसभाईची गाडी आली. त्याने ती दुभाजकाला भिडवली. या वेळी हाक देताना तो सरळ माझ्याकडे बघत होता.

"हात लगाओ!"

मी पेन्सिल खाली ठेवली. बाळारामने माझ्या खुर्चीत बसून कागद मांडीवर घेतला. मी तबकडीच्या खाली हात घातला. लोखंड गार होतं, आणि सूत अजून कोमट, नुकतंच सायझिंगवरून उतरलेलं, खळीचा वास भाताच्या पेजेसारखा. बँकेचा माणूस माझ्या डाव्या हाताला होता. "गुडघ्यातून उचला काका, कमरेतून नको." मग वजन आलं. तोवर मी ते फक्त दुरून पाहिलं होतं. पोटऱ्या थरथरल्या, चष्मा नाकावर घसरला, आणि एक क्षण वाटलं, माझ्याच्याने जाणार नाही. कुणीतरी "हरी हरी" म्हणालं. तो मीच होतो. पलीकडून हात आले आणि वजन माझ्या हातांतून निघून गेलं.

इद्रीसभाई कठड्यावरून पलीकडे उतरला. मला वाटलं, तो मागे वळून बघेल. तो वळला नाही. गल्लीत कुणाचा तरी माग थांबलेला होता. गाडी ढकलत तो निघून गेला.

मी मागे वळलो तर बाळाराम जीभ दातांत धरून रेघ ओढत होता. "मांडला," तो म्हणाला. "आता बस. गुडगं वाजले तुझे, रिक्षापरेंत ऐकू आलं."

मी बाकड्यावर बसलो. चहावाल्याने काही न विचारता पहिला ग्लास माझ्यापुढे ठेवला. दोन घोट घेतले असतील नसतील, तोच सायझिंगच्या बाजूने दुसऱ्या कुणाची तरी गाडी येऊन थांबली आणि हाक आली. मी ग्लास दुभाजकावर ठेवला आणि उठलो.